पंचफुलाबाईचा समुद्र

तांडापेठेतल्या धकात्यांच्या घरी कोणी समुद्राचं नाव काढत नसे. एरवीही नागपुरात समुद्राचं नाव निघायला कारण काय? पाणी म्हणजे नाईक तलाव, फार तर अंबाझरी. गल्लीत सगळी विणकरांची घरं, सकाळपासून मागांची खटखट, दारादारांत खळ लावून वाळत घातलेला सुताचा ताणा. पण त्या घरच्या एकुलत्या एका मुलाला, मुकुंदला, समुद्रानं नेलं होतं.

नेलं, असं गल्ली म्हणे. त्याची आई पंचफुलाबाई तसं म्हणत नसे. कोणी नवखा माणूस मुलाबद्दल विचारू लागला, की ती हातातली सुताची कांडी खाली न ठेवता सांगे, "माहा मुकुंद अलिबागले गेला हाय." शेजाऱ्याचा मुलगा नोकरीला भिलाईला गेलेला असावा, तसं. विचारणारा पुढं काही विचारू लागला, तर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले नानाजी ताण्यातून धोटा जोरानं फेकत आणि खटखटीत तो प्रश्न बुडून जाई.

मुकुंदनं मागाला हात लावला नव्हता असं नाही. लहानपणी त्यानंही कांड्या भरल्या होत्या. पण हातमागावर आता पोट भरत नाही हे नानाजींनीच ओळखलं आणि पोराला शिकू दिलं. चौऱ्याहत्तर साली तो खापरखेड्याच्या पॉवर हाउसमध्ये लागला. पहिल्या पगाराचे पेढे सगळ्या गल्लीनं खाल्ले. पुढच्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. मुलगी उमरेडची, तारा. अंगानं बारीक, बोलणं कमी, आणि कामाला अशी चटपटीत की सासूनं भाकरीचं पीठ काढेस्तोवर सुनेची चूल पेटलेली असे. सासूला ती आत्याबाई म्हणे, सासऱ्यांना मामाजी. पंचफुलाबाईला मुलगी नव्हती. महिन्याभरात ती ताराला "पोरी" म्हणू लागली आणि नानाजींच्या ताटाआधी तिचं ताट वाढू लागली.

त्याच वर्षी थंडीत पॉवर हाउसमधल्या एका दोस्ताचं लग्न मुंबईला निघालं. चार जण गेले. लग्न आटोपलं, रजा उरली होती, मग कोणीतरी म्हणालं, समुद्र पाहून जाऊ. मुंबईचा नको, गर्दीचा; अलिबागला जाऊ. मुकुंदबरोबर चंद्रभान होता, त्याच्याच गल्लीतला, लहानपणापासूनचा. पुढचं सगळं त्याच्याच तोंडून घरच्यांना कळलं. अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात एक किल्ला आहे. ओहोटीला समुद्र मागं सरतो आणि माणसं ओल्या वाळूवरून चालत किल्ल्यात जातात, गणपतीचं दर्शन घेतात, आतल्या गोड्या पाण्याचा तलाव पाहून नवल करतात. हे चौघंही गेले. तटावर बसून फोटो काढले, गप्पा झाल्या. पाणी परत येतं, आणि कधी येतं, हे नागपूरच्या पोरांना कोण सांगणार? निघाले तेव्हा वाट गुडघाभर पाण्याखाली गेली होती. तिघं खडकाला धरून किल्ल्याशीच थांबले. मुकुंद मात्र हसला. नाईक तलाव या काठापासून त्या काठापर्यंत पोहणारा तो गडी. एवढ्याशा पाण्याला काय घाबरायचं, म्हणाला, आणि उतरला.

तो परत मिळाला नाही. कोळ्यांनी होड्या घालून पाहिलं, पोलिसांनी किनारा पाहिला. नानाजी स्वतः जाऊन आले आणि रिकाम्या हातानं परतले. भावकीनं सांगितल्यावरून त्यांनी रामटेकला अंबाळ्याच्या तलावावर दर्भाचा पुतळा करून मुलाचे दिवस केले. पंचफुलाबाई गेली नाही. नानाजी डोकं भादरून घरात आले, तेव्हा तिनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "जित्या पोराचे दिवस केले तुमी." त्यानंतर बरेच महिने ती त्यांच्याशी कामापुरतंही बोलली नाही.

आणि ताराचं कुंकू तिनं पुसू दिलं नाही. बायका जमल्या होत्या. जनाबाई नावाची भावकीतली म्हातारी पुढं सरली, तशी पंचफुलाबाई दोघींच्या मध्ये येऊन उभी राहिली. "मढं दाखवा मले," ती म्हणाली. "मंग हात लावा तिच्या कपाळाले." मढं कोणाजवळ होतं? बायका उठून गेल्या.

तेव्हापासून तारा कुंकू लावत राहिली. हिरव्या बांगड्या वाढल्या, की सासू स्वतः कासाराकडं नेऊन नव्या भरून आणी. वटपौर्णिमेला दोघी वडाला जात. बायका बाजूला होऊन वाट देत, आणि तारा खाली मान घालून सूत गुंडाळी. रात्रीच्या भाकरी टाकताना मुकुंदच्या वाटणीची भाकरीही रोज थापली जाई. सकाळी ती गाईला जाई.

दोन-तीन वर्षांनी उमरेडहून ताराचे वडील बापूजी आले. मोठ्या संकोचानं त्यांनी विषय काढला. कळमेश्वरला एक स्थळ होतं. आनंदराव नावाचा माणूस, तिथल्या नव्या कारखान्यात कामाला, बायको वारलेली, मूलबाळ नाही, निर्व्यसनी. आपल्यात पाट लागतो, दुसऱ्या लग्नात कमीपणा नाही, मुलीचं सगळं वय पुढं पडलं आहे.

पंचफुलाबाईनं त्यांच्यापुढचा चहाचा कप उचलला. अजून अर्धा भरलेला होता.

"नवरा जिता असताना पोरीचा पाट लावता, बापूजी?"

"पंचफुलाबाई, तुमी जरा इचार करा..."

"मी इचार केला हाय. तिले नेऊन राहिले असाल, तर तिले इचारा. ती म्हनंल तर न्या."

बापूजींनी दाराआडच्या मुलीकडं पाहिलं. तारानं मान हलवली, नाही म्हणून. पंचफुलाबाईच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं, की बापूजींना पुढं बोलवेना. ते संध्याकाळच्या गाडीनं परत गेले.

अशी सहा वर्षं गेली. गल्लीतले निम्मे हातमाग बंद पडले. नानाजींचा माग चालू होता, पण डोळे अधू झाले होते. ताराच्या कानाशी एक-दोन केस पांढरे दिसू लागले.

एक्क्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर शेजारची तुळजाबाई भावाकडं मुंबईला जाऊन आली. भावानं तिला अलिबाग दाखवून आणलं होतं. आल्या आल्या ती धापा टाकत धकात्यांच्या घरात शिरली.

"पंचफुला, तुह्या मुकुंदावानी एक माणूस पाहिला वं मी! तिथंच, समुद्रावर, शहाळे इकून राहिला होता. मी दुरून पाहिला, बस निघाली होती म्हून जवळ नाई जाता आलं. पन तेच खांदे, तेच मान वाकडी करनं. आन् बोलनं आपल्याकडचं! कोनाले तरी मोठ्यानं 'काहून' म्हनला तो. मी आपल्या कानानं आयकलं."

पंचफुलाबाईनं कांड्या भरायचा रहाट थांबवला. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य असं काही नव्हतंच. इतकी वर्षं जिची वाट पाहिली ती गोष्ट आली, एवढंच.

नानाजी म्हणाले, "नको जाऊ." एवढंच म्हणाले, आणि मग स्वतःच पेटीतून तिचं धुवट लुगडं काढून दिलं. चंद्रभाननं रजा काढली. तो आता दोन लेकरांचा बाप झाला होता, पण अलिबागचं नाव निघताच त्याचा रंग उतरला. तरी नाही म्हणाला नाही. पंचफुलाबाई, तारा आणि तो असे तिघं मुंबईच्या गाडीत बसले. तिनं मुकुंदचा लग्नातला फोटो रुमालात गुंडाळून पोलक्यात ठेवला होता आणि पिशवीत रव्याचे लाडू, त्याला आवडायचे म्हणून.

मुंबईहून एस.टी.नं पनवेल, पेण करत अलिबागला पोचायला दुपार झाली. देवळाजवळ एका घरगुती खानावळीत खोली मिळाली. खानावळीचे मालक हसतमुख, बोलके. पाहुणे दिसले की त्यांचं ठरलेलं बोलणं सुरू होई. "पहिल्यांदाच आलात ना? मग असं करा. आधी किनाऱ्यावर शहाळं प्या. पोरं घोडागाडीत बसतात, तशी तुम्हीही एक चक्कर मारा. सूर्य बुडताना पाहायचा, तो चुकवायचा नाही. सकाळी ओहोटी आहे, किल्ल्यातला गणपती करा. परत जाताना पांढरा कांदा न्या, असा कांदा तुमच्याकडे नाही. मासे खाता ना?"

पंचफुलाबाई सगळं नीट ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "शहाळेवाले कोठी बसतात, भाऊ?"

किनाऱ्यावर ती आली आणि थांबली. समोर कसलाही आडोसा नव्हता. पाणी, त्यातला तो किल्ला, आणि पाण्याच्या वर आभाळ. सुरूच्या झाडांखाली माणसं सतरंज्या टाकून बसली होती. कोणी भेळ खात होतं, पोरं काळसर वाळूची घरं करत होती, एक नवी नवरी साडी घोट्यावर धरून लाटेत पाय बुडवी आणि लाट आली की किंचाळत नवऱ्याकडं पळे. त्या सगळ्या मौजेतून ही नऊवारीतली बाई फोटो काढून प्रत्येकासमोर धरत निघाली. "हा दिसला का जी कोठी? आता जरासा पोक्त झाला असंल." लोक आधी हसून पाहत, मग ओशाळून मान हलवत. घोडागाडीवाल्यानं पाहिलं, शिंपल्यांच्या माळा विकणाऱ्या पोरीनं पाहिलं, भेळवाल्यानं हात पुसून फोटो हातात घेतला आणि परत दिला. तारा मागून चालत होती. चंद्रभान पाण्याकडं पाठ करून उभा होता.

किनाऱ्याच्या टोकाला शहाळ्यांचा ढीग दिसला. ढिगामागं एक माणूस पाठमोरा वाकून कोयत्यानं शहाळं सोलत होता. तेच रुंद खांदे. मान तशीच एका बाजूला.

"मुकुंदा!" पंचफुलाबाईनं हाक मारली.

तो वळला नाही. लाटांच्या आवाजात ऐकू गेलं नसेल म्हणून ती धावली. वाळूत पाय रुतत होते, एक चप्पल मागंच राहिली. तिनं जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो वळला.

देवीचे व्रण असलेला चेहरा. नाक वेगळं, डोळे वेगळे, वय चाळिशीच्या पुढचं.

"काय पायजे, माय?"

ती वाळूत खाली बसली. तारा आली, तिच्यामागं चप्पल घेऊन चंद्रभान आला. त्या माणसाला काही कळेना, पण म्हातारीला भोवळ आली असावी असं वाटून त्यानं घाईनं शहाळं फोडून तिच्या हातात दिलं. चंद्रभाननं दोन शब्दांत सगळं सांगितलं. त्याचं बोलणं ऐकून तो माणूस चमकला.

"तुमी नागपूरकडचे व्हय? मी दारव्ह्याकडचा. लहानू म्हनतात मले." त्यानं लुंगीला हात पुसून फोटो घेतला आणि बराच वेळ पाहिला. "माय, या वाटेत माणसं गेलेली मी पाहिली हायत. गेलेला एकतर थोड्या दिवसांत किनाऱ्याले लागते, नाई तर मंग लागतच नाई. मागून कोनी जिता आला, असं मी नाई पाहिलं."

"तू नाई पाहिलं म्हंजे होत नाई का?" पंचफुलाबाई म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

ती शहाळं हातात धरून त्याच्याकडं पाहत राहिली. मग तिनं विचारलं, "तुही माय हाय?"

"असंल."

"असंल म्हंजे?"

"बापाशी भांडून निघालो मी, पोट्टा होतो तवा. मंग गेलोच नाई घरी. आता कोन्या तोंडानं जाऊ?"

"तिले मालूम हाय का, तू जिता हाय म्हून?"

लहानूचा कोयता थांबला. पंचफुलाबाई उठली आणि तिनं त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला. मग दुसरा. भोवतालचे लोक पाहू लागले. "मेल्या, ती भाकर थापत असंल ना रोज! तुह्या वाटची भाकर थापत असंल!" लहानू एवढा मोठा माणूस, पण त्यानं हातही वर केला नाही. चंद्रभाननं तिला धरलं तेव्हा ती धापा टाकत होती.

"जाय घरी," ती म्हणाली. "उद्याच्या उद्या जाय."

"जातो, माय," लहानू खाली पाहत म्हणाला. त्यानं शहाळ्याचे पैसे घेतले नाहीत. तो पुढं घरी गेला की नाही, हे पंचफुलाबाईला कधी कळलं नाही.

रात्रभर ती खानावळीच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. सकाळी चंद्रभानला म्हणाली, "मले त्या वाटेनं ने."

ओहोटी लागली होती. वाळू ओली, घट्ट, वर खेकड्यांनी काढलेली नक्षी. माणसं हसत-खेळत किल्ल्याकडं चालली होती, पोरं घोडागाडीतून चालली होती. पंचफुलाबाई हळूहळू चालत गेली. किल्ल्यात तिनं गणपतीसमोर हात जोडले, तलावाचं पाणी ओंजळीनं प्यायली. "गोड हाय," ती ताराला म्हणाली. ती तटावर बसली नाही, फक्त जिथं ते बसले होते ती जागा चंद्रभानला विचारून तिथल्या दगडावरून हात फिरवला. पाणी चढू लागलं तशी गाडीवाल्यानं सगळ्यांना हाकारलं, आणि तिघं वेळेत किनाऱ्याला परतले.

मग तिनं जायला नकार दिला. ती वाळूत बसून पाहत राहिली. पाणी धावत आलं नाही. चुलीवरचं दूध नकळत वर यावं तसं आलं. आधी गाडीच्या चाकोऱ्या भरल्या, मग पावलांचे ठसे गेले, पोरांनी केलेलं वाळूचं घर कडेनं विरघळलं. आत्ता जिथून ती चालत आली होती तिथं पाणीच पाणी झालं आणि त्यावर ऊन चमकू लागलं.

"इतकं गुपचूप येते?" तिनं विचारलं.

"हो, काकू."

"त्यानं हाक मारली होती का, चंद्रभान?"

इतक्या वर्षांत हे तिनं पहिल्यांदाच विचारलं होतं. चंद्रभान तोंड फिरवून म्हणाला, "नाई, काकू. हसून राहिला होता तो. मी पोहून जातो, तुमी या मागून, म्हनला. थोडा दूर गेला तवाबी हसताना दिसला. मंग दिसलाच नाई."

शेजारी सतरंजीवर एक मुंबईकडचं कुटुंब बसलं होतं. त्यातल्या बाईनं अगत्यानं चिवड्याचा कागद ताराच्या पुढं केला आणि सहज विचारलं, "तुमचे मिस्टर नाही आले?"

तारानं सवयीनं सासूकडं पाहिलं. अशा प्रश्नाला उत्तर सासूच देई.

"माहा मुलगा होता तो," पंचफुलाबाई म्हणाली. "इथंच बुडाला."

ती बाई गोंधळून ताराच्या कपाळावरच्या कुंकवाकडं पाहू लागली. तारा उठली आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. पंचफुलाबाई तिच्यामागं गेली.

"पोरी, तुले काय वाटत होतं? खरं सांग."

लाट येऊन दोघींच्या पावलांवरून गेली.

"मले त्याच दिवशी समजलं होतं, आत्याबाई. मामाजी इथून एकटे परत आले, त्यायचं तोंड पाहिलं आन् समजलं."

"मंग हे कुंकू?"

"तुमच्यासाठी लावत होती मी."

"बोलली काहून नाई वं?"

"बोलली असती तर तुमी कशा जगल्या असत्या?"

पंचफुलाबाईनं तिच्याकडं पाहिलं. बारीक चणीची ती मुलगी, कानाशी पांढरे केस, हातात आपणच भरवलेल्या हिरव्या बांगड्या. इतकी वर्षं आपण हिला सांभाळतो आहोत असं ती समजत होती. ती तिथंच पाण्यात मटकन बसली. लुगडं भिजलं. तारानं तिला उठवायचा प्रयत्न केला, पण उठवेना, म्हणून तीही शेजारी बसली. पिशवीतले लाडू पंचफुलाबाईनं एकेक करून पाण्यात सोडले.

नागपूरला परतल्यावर आठवड्याच्या आत ती एकटीच कळमेश्वरला गेली. आनंदरावांनी अजून लग्न केलं नव्हतं. दारात उभ्या असलेल्या बाईला त्यांनी ओळखलं नाही. ती म्हणाली, "मी ताराची सासू. मागं तुमचा निरोप आला होता, तवा मीच परत धाडला. आता मीच इचाराले आली." आनंदरावांनी तिला आत बोलावून पाणी दिलं. ते मितभाषी होते. विचार करून म्हणाले, "ताराबाईले इचारलं का तुमी?"

हा प्रश्न ऐकून पंचफुलाबाईला बरं वाटलं, असं तिनं नंतर नानाजींना सांगितलं.

तारा आधी नाहीच म्हणाली. सासूनं समजावलं, बापूजींनी समजावलं, शेवटी नानाजी माग थांबवून म्हणाले, "जाय, बाई. आमी दोघंबी एक दिवस मरून जाऊ, मंग तू कोनासाठी बसशील इथं?" तेव्हा ती हो म्हणाली. कोराडीच्या देवळात चार माणसांत पाट लागला. जनाबाईनं नाक मुरडलं, तुळजाबाईनं हळदीकुंकू केलं. निघताना तारा सासूच्या गळ्यात पडली, आणि पंचफुलाबाईनंच तिचे हात सोडवले. टांगा गल्लीच्या वळणावर गेला तरी ती दारात उभी होती. घरात शिरली ती सरळ रहाटाशी जाऊन बसली. सूत तुटत होतं, पुन्हा जोडत होती.

त्या उन्हाळ्यात ती नानाजींबरोबर रामटेकला गेली. अंबाळ्यावर ब्राह्मणानं मुकुंदच्या नावानं जे सांगितलं ते तिनं मुकाट्यानं केलं. पुढच्याच वर्षी नानाजी गेले. माग कोणी घेईना, तो लाकडाच्या भावानं गेला. तारा आणि आनंदराव न्यायला आले होते, पण पंचफुलाबाई म्हणाली, लेकीच्या घरी कायमचं राहत नाही मी, काम पडलं तर येईन.

काम पडलं. ताराला उशिरा का होईना दिवस गेले आणि मुलगी झाली. ताराची आई नव्हती, म्हणून बाळंतपणाला पंचफुलाबाई कळमेश्वरला गेली. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं तिनंच केलं. एका सकाळी ती अंगणात पाटावर बसून पायांवर बाळाला न्हाऊ घालत होती. एका हातानं बाळाचं कपाळ झाकून दुसऱ्या हातानं तिनं तांब्यातलं कोमट पाणी डोक्यावर ओतलं. पाणी तोंडावरून गेलं, बाळाचा श्वास क्षणभर अडकला, आणि ते हात-पाय झाडू लागलं.

पंचफुलाबाईच्या हातून तांब्या पडला. तिनं ओलं बाळ छातीशी घट्ट धरलं आणि मोठ्यानं रडू लागली. मुकुंदचं नाव घेऊन, साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असं. मुलासाठी ती अशी याआधी कधी रडली नव्हती. आनंदराव आतून धावत आले, पण तारानं त्यांना हातानंच थांबवलं. ती ओली बाळंतीण कानाला बांधलेल्या रुमालासह बाहेर आली, सासूच्या हातातून बाळ हलकेच काढून घेतलं, पदरात गुंडाळलं, आणि तिच्या शेजारी ओल्या फरशीवर बसून राहिली.